दोनशे बारा पायऱ्यांचं पाणी

टेकडीच्या माथ्यावर, पत्र्याच्या मांडवात, दीडदोनशे बायका बसल्या होत्या. ज्यांना मांडी घालता येत होती त्या सतरंजीवर, ज्यांना येत नव्हती त्या मागं खुर्च्यांवर. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या होत्या.

तिकडं माऊली उभे होते. पन्नाशीचे, गोरेगोमटे, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले. पोट त्यांच्या आधी दोन पावलं पुढं उभं होतं. त्यांच्यासमोर साठीची एक बाई उजवा हात आडवा पसरून उभी.

"सगळी ताकद लावा, आई," माऊली म्हणाले. त्यांनी दोन बोटं तिच्या हातावर ठेवून दाबलं. हात झपकन खाली गेला.

"बघा. बॅटरी संपलेली आहे. देह म्हणजे काय? मोबाइल. चार्जिंग नाही, तर रेंज असून काय उपयोग?"

मग त्यांनी पितळेच्या भांड्यातून घोटभर पाणी त्या बाईला पाजलं. या पाण्याला ते बलतीर्थ म्हणत. पुन्हा हात आडवा. पुन्हा माऊलींनी दाबलं, चांगलं ओठ आवळून दाबलं. हात तसूभर हलला नाही.

मांडवातून "अगं बाई" असा एकच सूर निघाला.

"पाण्याला स्मरण असतं," माऊली घाम पुसत म्हणाले. "मी रोज पहाटे त्याच्या अणुरेणूंना नावानं हाक मारतो. शास्त्रज्ञ अजून पायथ्याशी आहेत. आपण शिखरावर आहोत."

आपण शिखरावर होतो हे खरंच होतं. दोनशे बारा पायऱ्या चढून आलो होतो.

शेजारी बसलेल्या गीताबाईनं मला कोपरानं ढोसलं. "बघितलं का, सिस्टर?"

"बघितलं."

"मंग?"

"बोटं कुठं ठेवली तेही बघितलं."

"तुमचं आपलं कायतरीच," ती म्हणाली आणि पदर सावरून पाण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मी करुणा. बत्तीस वर्षं घाटी रुग्णालयात नर्स होते, म्हणून उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत मला अजून सगळे सिस्टरच म्हणतात. छप्पनच्या बौद्ध धर्मांतराच्या पुढच्या वर्षी पाचोडला माझा जन्म झाला. थोरल्या बहिणीचं नाव मनकर्णा आणि माझं करुणा. एका घरातल्या दोन पोरींच्या नावांत सगळा बदल दिसतो. वडिलांनी आम्हाला एक सवय लावली होती, काही नवल दिसलं की हात जोडायच्या आधी विचारायचं, हे झालं कसं. ती सवय मला नोकरीत फार उपयोगी पडली आणि शेजारधर्मात फार नडली.

गीताबाई माझी तीस वर्षांपासूनची शेजारीण. मीठमिरचीपासून दुखण्याखुपण्यापर्यंत सगळी देवघेव. तिची एकच मुलगी, रूपा, मुकुंदवाडीला स्टेशनाजवळ राहते, चौथ्या मजल्यावर. इमारतीत लिफ्टसाठी जागा सोडलेली आहे, तिथं लोक सायकली ठेवतात. गुडघे आणि दम यांच्यामुळं गीताबाईनं दोन वर्षांत लेकीच्या घराचा उंबरा पाहिला नव्हता. मायलेकी खाली पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर भेटायच्या. तिथंच डबे उघडायचे, तिथंच रुसवेफुगवे. वॉचमनला त्यांच्या घरातलं सगळं तोंडपाठ होतं.

जुलैत रूपाला मुलगा झाला, शिवम. बाळंतपण गीताबाईच्या तळमजल्याच्या घरात झालं. गणपती झाले आणि बाळ आपल्या घरी, चौथ्या मजल्यावर गेलं. रूपाला सासू नाही. रजा जानेवारीअखेर संपणार होती, दोन फेब्रुवारीला कामावर हजर व्हायचं होतं.

"पाळणाघर बघू नको," गीताबाई रिक्षात बसलेल्या लेकीला म्हणाली होती. "दोन फेब्रुवारीला सकाळी आठ वाजता म्या तुझ्या दारात."

रिक्षा वळली आणि ती माझ्याकडं वळली. "सिस्टर, चार मजले वं."

मी तेव्हाच तिला सांगितलं होतं, डॉक्टरांनीही सांगितलं होतं, रोज चालत जा, थोडे थोडे जिने चढ.

"नुसतं? काही काम नसताना?"

"व्यायाम म्हणून."

तिनं पदर तोंडाला लावला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "या वयात? लोक म्हणतील, गीताबाईच्या डोक्यावर परिणाम झाला, रिकामीच फिरती."

तिला हसू नका. आमच्या पिढीच्या बाईला कामाशिवाय पाऊल उचलायची खरोखर लाज वाटते. बाजाराला चालू, दळणाला चालू, देवाला तर कोसभर चालू. पण स्वतःच्या पायांसाठी चालणं म्हणजे चैन. मी तरी कुठली शहाणी? जन्मभर पेशंटांना "हिंडतंफिरतं राहा" सांगितलं आणि निवृत्त झाल्यावर टीव्हीसमोर जी बसले, ती गच्चीवर पापड घालायला जाताना दोनदा कठड्याला धरायला लागले.

म्हणूनच माऊली तिच्या मनात बरोबर बसले. ते व्यायाम सांगत नव्हते. व्रत सांगत होते.

बायपासच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला ही बुटकी टेकडी. नियम असा की घटस्थापनेपासून चाळीस दिवस रोज पायथ्याच्या टँकरवरून कळशी भरायची, दोनशे बारा पायऱ्या चढून ती माथ्यावरच्या टाकीत ओतायची, आणि मग टाकीतलं, माऊलींनी हाक मारलेलं पाणी पेलाभर प्यायचं. ज्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथं पाण्याचाच चमत्कार निघावा यात मला नवल वाटलं नाही. बायका आपणच पाणी वाहून न्यायच्या आणि त्यातलंच पेलाभर हात जोडून परत घ्यायच्या.

कळशा वाटायला पायथ्याशी कचरू असायचा. माझ्याच वयाचा, वाळक्या शेंगेसारखा माणूस. तो नव्या बाईला पहिल्या आठवड्यात अर्धीच कळशी द्यायचा, मग पाऊण, मग भरलेली. "पन्नास पायऱ्या झाल्या की टेका, मावशी. उद्या साठीवर टेका." मला वाटलं, हा माऊलींचा नियम. मी त्याला विचारलं.

"माऊलीचा नाय, माझा," कचरू म्हणाला. "पहिल्याच दिशी भरून दिली की बाया मधीच सांडतात. पायऱ्या वल्ल्या होतात. मंग म्याच पुसायच्या."

मी गीताबाईबरोबर रोज जात होते. एक तर तिला एकटीला सोडवत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे मला बघायचं होतं. मनगटावर जुनं घड्याळ होतंच. माथ्यावर पोचलो की आधी तिची नाडी धरायची, मग माझी. आकडे घरी गेल्यावर कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचे. पाणी मात्र मी एक थेंब प्यायले नाही. माझा पेला मी उतरताना शंभराव्या पायरीजवळच्या कडुनिंबाच्या रोपाला घालायची. गीताबाईला ते आवडत नव्हतं.

"तीर्थ झाडाला घालतेत व्हय?"

"त्याचेही गुडघे दुखत असतील."

पहिल्या दिवशी गीताबाई चाळिसाव्या पायरीवर बसली तेव्हा तिची नाडी एकशे अडतीस होती, आणि बोलायला दम नव्हता, म्हणजे प्रकरण गंभीर. पंधराव्या दिवशी ती दोनदा थांबून माथ्यावर गेली. पंचविसाव्या दिवशी एकदाच थांबली, तेही एका ओळखीच्या बाईची सून माहेरी का गेली हे ऐकायला. चाळिसाव्या दिवशी भरलेली कळशी घेऊन ती एका दमात चढली आणि माथ्यावर नाडी एकशे बारा. सकाळी अंथरुणात मोजलेली नाडी अठ्ठ्याऐंशीवरून शहात्तरवर आली होती. माझी नव्वदवरून अठ्ठ्याहत्तरवर.

"गीताबाई," मी म्हणाले, "मी तर पाणी प्यायले नाही. मग मला कसा गुण आला?"

तिनं क्षणभरही विचार केला नाही. "माझ्या शेजारनं चढलात ना. माझ्यातलं थोडं तुमच्यात आलं."

कडुनिंबालाही नवी पालवी आली होती, पण त्याचं श्रेय मी पाण्यालाच देते.

त्या शनिवारी ती चार मजले चढली. मी मागं होते. रूपानं दार उघडलं, आईला बघितलं, आणि बाळ तिच्या हातात दिलं. गीताबाई घरभर फिरली. दोन वर्षांत लेकीनं पडदे बदलले होते, ओट्यावरची खिडकी बदलली होती. सगळं हात लावून बघितलं. खाली आल्यावर तिनं पार्किंगमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीकडं असं बघितलं, जणू पूर्वी छळणारं कुणी माणूस भेटलंय.

इथवर मी गप्प होते. श्रेय पाण्याला मिळो की पायांना, बाई चौथ्या मजल्यावर पोचली होती. मला वाटलं, कशाला वाद घालायचा. ही माझी चूक झाली.

कारण चाळीस दिवस पुरे केलेल्या बायकांसाठी माऊलींनी नवी सोय काढली. त्यांनी आता चढायचं नाही. "पायांनी तप केलं, आता पायांना विश्रांती. तुम्ही पाण्यापर्यंत आलात, आता पाणी तुमच्यापर्यंत येईल." टेम्पोनं बलतीर्थाचे जार घरपोच येऊ लागले. गल्लीत नळ कोरडा असताना गीताबाईच्या दारात वीस लिटरचा जार उतरायचा, त्यामुळं तिचा मान फार वाढला.

त्यानंतर ती टेकडी चढली नाही. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक पेला घ्यायची आणि पाय लांब करून मालिका बघायची. मी चल म्हटलं की म्हणायची, "माऊलींनी आराम सांगितलाय, सिस्टर."

मला तेव्हा आई आठवायची. पाचोडला आमच्या वस्तीची विहीर वेगळी होती, आणि लांब होती. साठी उलटली तरी आई डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन ती वाट दिवसातून चार वेळा तोडायची. कुणी त्याला चमत्कार म्हटलं नाही, ते बाईचं कामच होतं. मला नोकरी लागली आणि मी तिला शहरात आणलं. दारात नळ. मी अभिमानानं म्हणाले, "आई, आता बस. लई केलंस." ती बसली. दोन वर्षांत तिला दोन पायऱ्या चढायला भिंत लागायला लागली. ते ओझं तिच्यावर लादलेलं होतं, ते उतरवलं यात माझं काही चुकलं नाही. पण ओझ्याबरोबर मी तिचं चालणंही काढून घेतलं, आणि मी नर्स होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही शिवमला बघायला गेलो. गीताबाई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसली. ओठ पांढरे पडले होते. रूपा बाळाला घेऊन खाली आली आणि पुन्हा त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या निघाल्या. वॉचमन म्हणाला, "आजी, मागच्या खेपेला तर चढल्या होत्या."

रिक्षात तिनं मला सांगितलं. आठ दिवसांपूर्वीही तिला दम लागला होता, तेव्हा ती माऊलींना भेटली होती. माऊली म्हणाले, श्रद्धा पातळ झाली आहे, पेले दुप्पट करा. आणि रक्तदाबाची गोळी बंद करा, गोळी आणि बलतीर्थ एका देहात नांदत नाहीत.

"बंद केलीस?"

तिनं मान हलवली.

घरी येऊन मी तिला रक्तदाब मोजायचा पट्टा लावला. वरचा एकशे शहात्तर, खालचा एकशे चार. मी तिला इतकं बोलले की पलीकडच्या घरातला टीव्ही बंद झाला. ती रडली नाही. मान खाली घालून एवढंच म्हणाली, "दोन फेब्रुवारीला पोरीला काय तोंड दाखवू?"

त्याच दुपारी तिला डॉक्टरकडं नेलं. गोळी पुन्हा सुरू झाली. दहा दिवसांनी दाब जागेवर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, चढायला हरकत नाही, पण हळू, दम लागला की थांबायचं. पण ती पाणी सोडायला तयार नव्हती. गोळीही घेईन, पाणीही घेईन, आणि चढणार नाही, कारण माऊलींनी नको म्हटलंय.

म्हणून नाताळच्या सुट्टीच्या गुरुवारी आम्ही टेकडीवर गेलो. मागच्या बाजूनं माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे. रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, उप्पर तक छोडता, वापसी का इंतजाम तुम करो."

माथ्यावर माऊलींची पांढरी गाडी सावलीत उभी होती. ती मी चाळीस दिवस रोज बघितली होती, पण तिच्याबद्दल विचार केला नव्हता. त्या दिवशी केला.

मांडवात हाताचा खेळ झाला. बॅटरी संपली, बॅटरी भरली, "अगं बाई" झालं. मग मी उठून पुढं गेले.

"माऊली, मला एकदा करून बघू द्या."

"या, सिस्टर या," ते म्हणाले. त्यांना वाटलं, आज मोठा मासा गळाला लागला.

पहिल्या रांगेत भाजी विकणारी संध्या बसली होती, दणकट बाई. मी तिला हात आडवा धरायला सांगितलं. कोपराच्या वरच्या अंगाला बोटं ठेवून दाबलं. हात हलला नाही. मग तिला माऊलींच्याच भांड्यातलं बलतीर्थ पाजलं, आणि मनगटावर दाबलं. हात धपकन खाली.

मागच्या खुर्चीवरून एक आजी म्हणाली, "आँ? प्याल्यावर पडला?"

"घरी गेल्यावर दाराशी करून बघा," मी म्हणाले. "बिजागरीजवळ ढकला, दार जड लागतं. कडीजवळ ढकला, बोटानं उघडतं. हाताची बिजागरी खांद्यात आहे. कोपराशी दाबलं तर हात जड, मनगटाशी दाबलं तर हलका. माऊली पाण्याच्या आधी मनगट दाबतात, पाण्याच्या नंतर कोपर."

बायका एकमेकींचे हात दाबून बघायला लागल्या. मांडवात बांगड्यांचा नुसता खळखळाट. दोघीतिघी हसू लागल्या.

पण माऊली कच्चे नव्हते. ते शांतपणे हसले. "बरं, हात सोडा. ज्यांना पूर्वी वीस पायऱ्या चढवत नव्हत्या आणि चाळीस दिवसांत या टेकडीवर एका दमात आल्या, त्या माऊल्यांनी हात वर करा."

शंभर हात वर गेले. गीताबाईचा सगळ्यात आधी.

"हेही खोटं का, सिस्टर?"

मी माझाही हात वर केला. "खरं आहे. मीही चढले. प्रश्न एवढाच आहे की कशानं. आमच्या दोन गोष्टी झाल्या, चढणं आणि पिणं. दोन्ही एकदमच झाल्या, म्हणून घोळ झाला. नुसतं पिणारं आणि न चढणारं कुणी असतं, तर कळलं असतं. आणि तसं एक माणूस आहे. बलतीर्थ सगळ्यात जास्त कुणी प्यायलं असेल?"

"माऊलींनीच," संध्या म्हणाली. "दहा वर्षांपासून रोज पितेत. त्येंनीच सांगितलंय."

"आणि माऊली येतात गाडीनं."

मला अजून थोडा वाद घालायचा होता, पण पुढचं माझ्या हातात राहिलंच नाही. मागची ती आजी भाबडेपणानं म्हणाली, "माऊली, एकडाव आमच्यासंगं चढा की. आमचं लई भाग्य." आणि सगळ्या बायकांना ते इतकं पटलं की त्या उठल्याच. कुणाच्या मनात परीक्षा नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं, ज्यांच्या घोटभर पाण्यानं आपण चढलो ते स्वतः हरणासारखे जातील आणि आपण मागून बघू. एवढ्या मायेला नाही म्हणणं माऊलींना जमलं नाही. त्यांना मध्ये घेऊन सगळा मेळा खाली उतरला. गीताबाईही माझ्या हाताला धरून उतरली.

"हळू हो," मी माऊलींना म्हणाले. "दम लागला की टेका."

पहिल्या तीस पायऱ्या ते बोलत चढले, अणुरेणूंबद्दल. पन्नासाव्या पायरीवर अणू राहिले, रेणू गेले. अडुसष्टाव्या पायरीवर त्यांनी कठड्याला धरलं आणि दृश्य बघायचं निमित्त करून खाली बसले. गीताबाई आणखी दोन पायऱ्या गेली आणि तीही बसली. दोघंही घामानं निथळत, दोघांच्याही पोटात बलतीर्थ.

तेवढ्यात खालून कचरू आला. खांद्यावर पाण्यानं भरलेला दुधाचा कॅन. तो आमच्या बाजूनं वर गेला, चार पायऱ्यांवर थांबून मागं वळला. "काय झालं? माऊली काऊन बसले?"

"दम लागला," संध्या म्हणाली. "कचरूभाऊ, तुम्ही दिवसातून किती खेपा करता?"

"चार. कधी पाच."

"आन् तीर्थ किती पेता?"

"म्या?" कचरूनं कॅन दुसऱ्या खांद्यावर घेतला. "म्या नाय पेत बाप्पा. टाकी म्याच धुतो ना, मला माहीत हाय आत काय अस्तंय ते. म्या चहा पेतो." आणि तो गेला.

मी माऊलींचं मनगट हातात घेतलं, मग गीताबाईचं. एकशे बावन्न आणि एकशे चव्वेचाळीस. मी आकडे मोठ्यानं सांगितले. कुणी हसलं नाही.

गीताबाई माऊलींकडं बघत होती. "माऊली, तुम्हाला पण दम लागतो?"

त्या प्रश्नात टोमणा नव्हता, म्हणूनच असेल, ते खरं बोलले. "लई दिस झाले चढून, बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. मोबाइल, रेंज, शिखर, सगळं त्या वेळी त्यांच्या तोंडातून गेलेलं होतं.

मग त्या पायऱ्यांवरच, बायका जिथं टेकल्या होत्या तिथं, मी त्यांना प्लास्टरची गोष्ट सांगितली. मोडलेला पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला की काढताना तो काठीसारखा बारीक निघतो. पेशंट घाबरतो, म्हणतो हा माझा पाय नाही. पायाला काही रोग झालेला नसतो. त्याला काम नव्हतं, म्हणून शरीरानं त्यातलं मांस मोडीत काढलेलं असतं. मग तो पेशंट रोज थोडं थोडं चालतो आणि काही महिन्यांत पाय दुसऱ्यासारखा भरतो. तुमच्या काळजाचंही तसंच. तेही मांसच आहे. रोज चढलात तर ते दणकट होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून कमी ठोक्यांत भागतं. मांड्या भरतात आणि गुडघ्याचा भार उचलतात, म्हणून गुडघा कमी कुरकुरतो. हे एका दिवसात होत नाही. अर्धी कळशी, पाऊण कळशी, भरलेली कळशी, असंच होतं. आणि थांबलात की परत जातं, वय कितीही असो. साठवून ठेवायची ती वस्तूच नाही, मग जारमध्ये भरून कशी येईल?

"मंग आमचं कुणी केलं?" गीताबाईनं विचारलं. तिचा दम आता बसला होता.

"तुझं तूच केलंस. दोनशे बारा पायऱ्या, चाळीस वेळा. माऊली वर गाडीतून येत होते."

तिच्या मनातून काही तरी उतरत होतं आणि त्याचं तिला दुःखही होत होतं, हे मला दिसत होतं. मग तिनं बोटांवर मोजलं. "दोन फेब्रुवारीला किती दिस राहिले?"

"एकोणचाळीस."

"एक कमी पडतंय."

"रविवारी दोन खेपा कर."

ती उठली, माथ्याकडं तोंड केलं आणि हाक मारली, "कचरूभाऊ, उद्या अर्धी कळशी काढून ठेवा वं."

कचरू माथ्यावर पोचला होता, त्याला ऐकू गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी अर्धी कळशी होती. मी म्हणाले, रिकाम्या हातानंही चाललं असतं. गीताबाई म्हणाली, रिकामं चढायला लाज वाटते. म्हणून ते पाणी आम्ही कडुनिंबाला घालू लागलो. मग इतर बायकांनीही पायऱ्यांच्या कडेनं रोपं लावली, कारण त्यांनाही लाज वाटत होती.

माऊली अजून तिथं आहेत. टेम्पो बंद झाला. कधी कधी सकाळी लवकर ते पायऱ्यांवर भेटतात, मधल्या टप्प्यावर. आम्ही नमस्कार करतो, तेही करतात. बोलण्याइतका दम त्यांना अजून आलेला नाही.

वाचणाऱ्या बायाबापड्यांनो, तुम्हाला कुणी शक्ती देऊ केली, पाण्यातून, कड्यातून, अंगाऱ्यातून, तर रागावू नका, भांडू नका. फक्त दोन गोष्टी विचारा. देणारा स्वतः किती पायऱ्या चढतो? आणि यातली कुठली गोष्ट काढून घेतली तर गुण येणं थांबेल? डॉक्टरनं दिलेली गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. आणि कामाशिवाय चालायची लाज वाटत असेल तर हातात एखादी कळशी घ्या, पण चाला.

दोन फेब्रुवारीला सकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना आम्ही मुकुंदवाडीला पोचलो. वॉचमननं सवयीनं खुर्ची पुढं केली. गीताबाई तिला वळसा घालून जिन्यावर गेली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली नाही. तिसऱ्यावर एकदा थांबली, दहा श्वास घेतले, आणि पुन्हा निघाली. रूपा पर्स खांद्याला लावून दारातच उभी होती. तिनं शिवमला आईच्या कडेवर दिलं, घड्याळ बघितलं आणि दोन दोन पायऱ्या उतरत गेली.

मी गीताबाईची नाडी बघायला हात पुढं केला. ती म्हणाली, "राहू द्या आता, सिस्टर." शिवमला घेऊन ती स्वयंपाकघरात गेली, माठातून पेला भरला आणि उभ्यानंच प्यायली.

"कुठलं गं हे पाणी?" मी विचारलं.

"नळाचं," ती म्हणाली. "काल आलं होतं म्हणे."